मुलांच्या डायबेटिससाठी संस्था काढताय? मुलं मोजण्याआधी महिने मोजा



आपल्या चॅनलवर एरवी पोळीभाजी केंद्र, घरगुती मसाले, शिवणकाम, पॅकिंग असे विषय असतात. आजचा विषय वेगळा आहे आणि तो आला एका ताईंमुळे. डोंबिवलीच्या शनिवारच्या बॅचला त्या येतात. फराळाचा व्यवसाय आहे, चांगला चाललाय. एकदा क्लास संपल्यावर थांबल्या आणि म्हणाल्या, "सर, मला दुसरा बिझनेस नाही काढायचा. मला ट्रस्ट काढायचाय. मुलांच्या डायबेटिससाठी."

त्यांच्या मुलीला सातव्या वर्षी टाइप १ डायबेटिस निघाला. आधी तीन आठवडे ती सारखं पाणी पीत होती, रात्री अंथरूण ओलं करायला लागली होती, वजन उतरलं होतं. जवळच्या डॉक्टरांनी लघवीचं इन्फेक्शन समजून औषध दिलं. चौथ्या आठवड्यात ती धापा टाकायला लागली, तेव्हा कुठे कोणीतरी बोटातून रक्त काढून साखर बघितली. त्यानंतरचे पाच दिवस आयसीयूत गेले. मुलगी वाचली, आता शाळेत जाते. पण हॉस्पिटलच्या ओपीडीत ताईंना शहापूर, मुरबाड, टिटवाळ्याहून आलेल्या आया भेटत राहिल्या. त्यातल्या एकीने त्यांना सांगितलं की महिनाअखेरीला इन्शुलिन पुरवून पुरवून वापरते, म्हणजे डोस कमी देते. ताईंना तिथेच वाटलं की आपण काहीतरी करायला पाहिजे.

त्यांच्याकडे ३ लाख रुपये होते. मनात २५ मुलांचा आकडा होता. हिशोब झाल्यावर आकडा ४ वर आला. २५ चे ४ कसे झाले, ते नीट समजून घ्या. संस्था काढा नाहीतर दुकान, हा हिशोब तुम्हाला उपयोगी पडेल.

आधी आजार समजून घ्या

टाइप १ डायबेटिस म्हणजे आपल्या आजोबांना असतो तो डायबेटिस नव्हे. यात शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. गोड खाल्ल्यामुळे होत नाही, आईच्या लाडामुळे होत नाही. गोळ्यांनी भागत नाही, पथ्याने नाही, काढ्याने तर नाहीच. बाहेरून इन्शुलिन द्यावंच लागतं, रोज, दिवसातून तीन-चार वेळा, आयुष्यभर. इन्शुलिन पूर्ण बंद झालं तर काही दिवसांतच रक्तात आम्ल साठायला लागतं आणि मूल दगावू शकतं. "या महिन्यात माल आला नाही, पुढच्या महिन्यात डबल देतो" हे वाक्य इथे चालत नाही.

१९२२ च्या आधी हा आजार झालेलं मूल वाचतच नसे. जानेवारी १९२२ मध्ये कॅनडातल्या टोरंटोमध्ये लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्शुलिन दिलं गेलं. पुढे बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी पेटंटचे हक्क टोरंटो विद्यापीठाला प्रत्येकी १ डॉलरला देऊन टाकले. औषध सापडून शंभर वर्षं उलटली. तरी आजही आपल्या जिल्ह्यात एखादी आई ते पुरवून पुरवून वापरते आहे.

आणि ही मुलं मूठभर नाहीत. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१ च्या अंदाजानुसार भारतात २० वर्षांखालची अशी सुमारे २ लाख २९ हजार मुलं-मुली आहेत. त्या यादीत आपला देश जगात पहिला होता.

ज्यांनी आधी केलंय, त्यांच्याकडे बघा

धंद्यात आपण काय करतो? दुकान टाकण्याआधी चार दुकानं फिरून येतो. इथेही तेच करायचं.

सगळ्यात गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं. १९७० साली ली ड्युकॅट आणि टाइप १ असलेल्या मुलांचे इतर पालक एकत्र आले आणि त्यांनी ज्युव्हेनाइल डायबेटिस फाउंडेशन सुरू केलं. पुढे ती संस्था जेडीआरएफ म्हणून जगभर ओळखली गेली आणि २०२४ मध्ये तिने 'ब्रेकथ्रू टी१डी' असं नाव घेतलं. या पालकांनी सगळा भर संशोधनावर दिला, कारण त्यांना हा आजारच संपवायचा होता. मला त्यांची एक गोष्ट फार आवडते. कुठल्या संशोधनाला पैसे द्यायचे हे ठरवताना शास्त्रज्ञांचं मत घेतलं जातंच, पण पालक आणि रुग्ण यांनाही त्या निर्णयात जागा असते. पैसा गोळा करणारे आणि पैसा कुठे जातो ते ठरवणारे यांच्यात त्यांनी भिंत उभी केली नाही.

पण अमेरिकेतल्या पालकांच्या घरी इन्शुलिन होतं. आपल्याकडे प्रश्न आधी तिथेच अडतो. म्हणून आपल्यासाठी जास्त कामाचं उदाहरण नागपूरचं आहे. डायबेटिसचे डॉक्टर शरद पेंडसे यांनी तिथे १९९० च्या दशकात 'ड्रीम ट्रस्ट' सुरू केला. नावातली अक्षरं डायबेटिस, रिसर्च, एज्युकेशन आणि मॅनेजमेंट या शब्दांची आहेत. गरीब घरातल्या टाइप १ असलेल्या मुलांना इन्शुलिन, सिरिंज, तपासणीचं साहित्य आणि शिक्षण द्यायचं, असं काम. मुलींकडे विशेष लक्ष, कारण घरात पैसा कमी असला की कोणाच्या औषधात काटछाट होते हे तुम्हाला मी सांगायला नको. पैशाची रचना बघा: एका दात्याने एका मुलाचा खर्च उचलायचा. शिवाय 'लाइफ फॉर अ चाइल्ड' या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमाची साथ. छत्रपती संभाजीनगरला डॉ. अर्चना सारडा यांची 'उडान' ही संस्था अशाच मुलांसाठी काम करते.

नागपूर आणि संभाजीनगर, दोन्ही ठिकाणी मागे डायबेटिसचा डॉक्टर आहे, हे तुमच्या लक्षात आलं असेल. दवाखाना आधी होता, मुलं आधीपासून येत होती, ट्रस्ट नंतर आला. ताईंच्या बाबतीत उलट होतं. त्यांच्याकडे पैसा आणि तळमळ होती, डॉक्टर नव्हता. म्हणून मी त्यांना पहिला गृहपाठ दिला: ठाणे किंवा कल्याणमधला एक बालरोगतज्ज्ञ किंवा एंडोक्रायनॉलॉजिस्ट शोधा, जो महिन्यातून एक शनिवार देईल. तो मिळेपर्यंत लेटरहेडसुद्धा छापू नका. याला त्यांना चार महिने लागले.

आता हिशोब

कागद घ्या. खालचे भाव मी उदाहरणासाठी धरलेत. तुमच्या गल्लीतल्या मेडिकलला आणि भिवंडीच्या होलसेलवाल्याला विचारून स्वतःचे आकडे टाका.

३० किलो वजनाचं मूल धरू. किलोमागे दिवसाला साधारण ०.९ युनिट धरलं तर रोज २७ युनिट, महिन्याला ८१० युनिट. आपल्याकडे इन्शुलिनची साधी बाटली १० मिलीची, दर मिलीला ४० युनिट, म्हणजे एका बाटलीत ४०० युनिट. गणिताने दोन बाटल्या आणि थोडं वर. पण मुलाला दोन प्रकारचं इन्शुलिन लागतं, एक जेवणाआधीचं आणि एक दिवसभर टिकणारं, आणि उघडलेली बाटली साधारण चार आठवड्यांनी टाकून द्यावी लागते. म्हणून महिन्याला तीन बाटल्या धरा. बाटली १६० रुपये धरली तर ४८०. सिरिंज ६०, प्रत्येकी ८ रुपये, ४८०. आता खरा खर्च येतो: स्ट्रिप. रोज चार वेळा साखर तपासायची म्हणजे महिन्याला १२० स्ट्रिप. एक १५ रुपये धरली तरी १,८००. तीन महिन्यांतून एकदा एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी, ४५० रुपये, महिन्याला १५०. सुया, कापूस, किरकोळ ९०.

बेरीज ३,००० रुपये महिना. वर्षाला ३६,०००.

थांबा, इथे बघा. लोकांना वाटतं "इन्शुलिन द्या" म्हणजे झालं. आपल्या हिशोबात इन्शुलिन ४८० रुपयांचं आहे आणि स्ट्रिप १,८०० च्या. बाटली दिली आणि स्ट्रिप दिली नाही, तर आईने डोस ठरवायचा कसा? अंदाजाने? साखर एकदम खाली गेली तर मूल झोपेत बेशुद्ध पडू शकतं. स्ट्रिपशिवाय नुसतं इन्शुलिन वाटणं म्हणजे स्पीडोमीटर नसलेली गाडी घाटात देणं.

पुढे. हे मूल आज ८ वर्षांचं आहे. १८ पर्यंत धरलं तर १० वर्षं, आजच्याच भावाने ३ लाख ६० हजार. आणि मूल ३० किलोचं राहणार नाही. वजन वाढेल, वयात येताना तर किलोमागचा डोसही वाढतो. म्हणजे तुमचा खर्च दरवर्षी आपोआप चढणार, एकही नवीन मूल न घेता.

धंद्यात गिऱ्हाईक वाढलं की आपण पेढे वाटतो. इथे प्रत्येक नवीन मूल म्हणजे दहा-पंधरा वर्षांचं देणं आहे. बँकेच्या भाषेत सांगायचं तर तुम्ही हमीदार झालात. दुकान बंद पडलं तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं. हे मूल कुठे जाईल? आई-बापाने तुमच्या भरवशावर आधीची सोय सोडलेली असते, सरकारी दवाखान्यातली नोंद जुनी झालेली असते.

म्हणून मी ताईंना एक नियम घालून दिला. मूल घ्यायचं तर त्या मुलाचा चालू वर्षाचा खर्च हातात पाहिजे, आणि पुढच्या एका वर्षाचा बाजूला ठेवलेला पाहिजे. म्हणजे एका मुलामागे ७२,०००. तीन लाखांत किती बसतात? चार. दोन लाख ८८ हजार, वर १२ हजार नोंदणीच्या खर्चाला.

ताई रडल्या. मी खोटं सांगणार नाही, मलाही कसंतरी झालं. त्यांच्या वहीत एकवीस नावं होती. पण २५ मुलं घेतली असती तर वर्षाला ९ लाख लागले असते आणि ३ लाख चार महिन्यांत संपले असते. पाचव्या महिन्यात २५ आयांना फोन कोणी केला असता?

तुमच्या संस्थेच्या फळ्यावर "आमची मुलं: २५" असं लिहू नका. "हातात महिने: २४" असं लिहा. हा आकडा १२ च्या खाली आला की नवीन प्रवेश बंद.

कागदपत्रं: कुठे अडकाल ते सांगतो

महाराष्ट्रात तीन रस्ते आहेत. सार्वजनिक न्यास, म्हणजे ट्रस्ट, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खाली. दुसरा रस्ता संस्था नोंदणी कायदा १८६० खालची सोसायटी, किमान सात सभासद; आपल्या राज्यात तिलाही पुन्हा १९५० च्या कायद्याखाली नोंद करावी लागते. तिसरा, कंपनी कायद्याची कलम ८ वाली ना-नफा कंपनी. आपल्यासारख्या छोट्या कामाला माझं मत ट्रस्टच्या बाजूने आहे. ठाणे जिल्ह्यातल्यांनी ठाण्यातल्या धर्मादाय कार्यालयाचा रस्ता धरायचा. ट्रस्ट डीड, विश्वस्तांची संमतीपत्रं, कार्यालयाच्या जागेचं ना-हरकत, आणि ठरलेल्या नमुन्यातला अर्ज. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज टाकायचा. हे विसरल्यामुळे वर्षानुवर्षं अडकलेले ट्रस्ट मी पाहिलेत. मेलेले विश्वस्त कागदावर जिवंत असतात आणि बँक सही मानत नाही.

डीडमध्ये तीन गोष्टी पहिल्या दिवशीच लिहून घ्या.

एक, उद्देशांत "उपचार साहाय्य" यासोबत "संशोधन" आणि "शिक्षण" हे शब्द. नंतर उद्देश बदलायला फार घाम गाळावा लागतो. दोन, मूल १८ वर्षांचं झाल्यावर काय? आजार १८ व्या वाढदिवसाला संपत नाही. नोकरी लागेपर्यंत की २५ पर्यंत, जे काय ते आधी ठरवा. तीन, ट्रस्ट बंद करायची वेळ आली तर शिल्लक पैसा आणि मुलं कुठल्या संस्थेकडे जातील. पैशाचं कलम सगळे वकील लिहितात. मुलांचं कलम कोणी लिहीत नाही, तुम्ही लिहा.

आता सगळ्यात नाजूक मुद्दा, आणि ताईंना तो कोणीच सांगितला नव्हता. संस्थापक, विश्वस्त आणि त्यांचे नातेवाईक यांना ट्रस्टच्या पैशाचा फायदा मिळाला तर आयकराची सूट धोक्यात येते. म्हणजे ताईंच्या स्वतःच्या मुलीची एकही स्ट्रिप ट्रस्टच्या खात्यातून जाता कामा नये. तिचा खर्च फराळाच्या धंद्यातून. कपाट वेगळं, बिल वेगळं. तसंच विश्वस्तांपैकी कोणाचं मेडिकल दुकान असेल आणि ट्रस्ट तिथूनच माल घेत असेल, तर भाव बाजारापेक्षा जास्त नाही हे दाखवणारे इतर दुकानांचे दरपत्रक फाइलला लावा. आणि नवरा, बायको, मेहुणा असं विश्वस्त मंडळ करू नका. एक डॉक्टर, एक सीए, घरातला फार तर एक.

आयकराची नोंदणी दोन प्रकारची: ट्रस्टच्या उत्पन्नाला सूट मिळण्यासाठी १२एबी, आणि दात्याला सवलत मिळण्यासाठी ८०जी. नवीन ट्रस्टला आधी तीन वर्षांची तात्पुरती नोंदणी मिळते, नंतर नियमित. लोक अजून याच नावांनी बोलतात, पण नवीन आयकर कायदा २०२५ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०२६ पासूनचा आहे, त्यात कलमांचे आकडे बदललेत. अर्ज भरताना सीएकडून ताजं नाव विचारून घ्या. आणखी एक: "८०जी आहे, द्या ना" म्हणून पूर्वी पैसे पटकन यायचे. आता बरेच पगारदार नव्या कररचनेत गेलेत, तिथे ही सवलतच नाही. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीलाही ती मिळत नाही. त्यामुळे ८०जी ही जाहिरात समजू नका.

तुम्ही विचाराल, वर्षभराचा पैसा बाजूला ठेवायचा म्हणता, पण ट्रस्टला तर उत्पन्नाच्या ८५ टक्के खर्च करावे लागतात ना? बरोबर. म्हणूनच राखीव पैसा कॉर्पस म्हणून घ्यायचा. दात्याने लेखी द्यायचं की ही रक्कम कॉर्पससाठी आहे, आणि ती कायद्याने सांगितलेल्या ठिकाणीच, जसं बँकेची मुदत ठेव, ठेवायची. दुसरा मार्ग म्हणजे ठराविक उद्देशासाठी, मुदतीत फॉर्म भरून, पाच वर्षांपर्यंत पैसा साठवणं. सीए पहिल्या दिवसापासून हवा तो यासाठी.

पैसा कुठून येईल, याबद्दल स्वप्नं कमी पाहा

"वागळे इस्टेटमध्ये इतक्या कंपन्या आहेत, सीएसआर मिळेल." मिळेल, पण लगेच नाही. बाहेरच्या संस्थेला सीएसआरचं काम देताना कंपनीला साधारणपणे तिचा किमान तीन वर्षांचा कामाचा अनुभव, १२ए आणि ८०जी, आणि सीएसआर-१ ची नोंदणी बघावी लागते. "न्यू जर्सीला भाऊ आहे." भावाचा पासपोर्ट भारतीय असेल आणि तो स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत देत असेल तर प्रश्न नाही. अमेरिकन नागरिक झाला असेल तर ती परदेशी देणगी, आणि एफसीआरए नोंदणी किंवा परवानगीशिवाय एक डॉलरही घेता येत नाही. नोंदणीसाठी पुन्हा तीन वर्षांचं काम आणि खर्चाची अट. गणपतीत डबा फिरवायचा म्हणाल, तर नोंदणी नसताना लोकांकडून वर्गणी गोळा करायला धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते.

थोडक्यात पहिली तीन वर्षं आपली माणसंच. सोसायटीतली, क्लासमधली, धंद्यातली. नागपूरची एक दाता-एक मूल ही पद्धत इथे उत्तम चालते, फक्त एक बदल करा: एका मुलामागे दोन दाते ठेवा, दीड-दीड हजाराचे. एकाची नोकरी गेली तरी मुलाची स्ट्रिप थांबत नाही. आणि मुलाचा फोटो दात्याच्या व्हॉट्सॲपवर पाठवू नका. उद्या त्या मुलीचं लग्न जमवताना तोच फोटो फिरेल.

मटका, फ्रिज आणि लोकल

इन्शुलिनचा साठा २ ते ८ अंशांत ठेवायचा. गोठलं तर फेकून द्यायचं, फ्रीझरच्या जाळीला चिकटलेली बाटलीसुद्धा. वापरातली बाटली थंड सावलीत चालते. फ्रिज नसलेल्या घरात दोन मडक्यांमध्ये ओली वाळू भरून आत बाटली ठेवायची पद्धत आहे आणि तिची शास्त्रीय तपासणीही झालीय. पण लक्षात घ्या, ही पद्धत पाणी उडून जाण्यावर चालते. विदर्भाच्या कोरड्या उन्हात मडकं छान गार होतं. आपल्या डोंबिवली-कल्याणच्या घामट हवेत तेवढं होत नाही. म्हणून एकावेळी महिन्याचाच साठा घरी द्या, बाकी तुमच्याकडे, इन्व्हर्टर असलेल्या फ्रिजमध्ये, थर्मामीटरसकट.

आणि सिरिंज! आपल्या साध्या बाटलीत मिलीला ४० युनिट, पेनच्या कार्ट्रिजमध्ये १००. सिरिंजही दोन प्रकारच्या येतात. कोणी भल्या मनाने १०० वाल्या सिरिंजचा खोका देणगी दिला आणि तुम्ही ४० च्या बाटलीसोबत वाटला, तर प्रत्येक डोस निम्म्याहून कमी जाईल. देणगी आली म्हणून घ्यायची नसते. औषध वाटणंही डॉक्टरच्या चिठ्ठीवर आणि परवाना असलेल्या मेडिकलमार्फतच करा. ट्रस्टने फक्त बिल भरावं. तुमचं घर म्हणजे औषधांचं दुकान नव्हे.

आपल्या भागातल्या आयांचा आणखी एक खर्च कोणाच्या तक्त्यात येत नाही: प्रवास. मोठ्या तपासणीसाठी परळच्या वाडिया हॉस्पिटलसारख्या ठिकाणी जायचं म्हणजे शहापूरकडच्या बाईचा पूर्ण दिवस आणि दिवसाची मजुरी गेली. कल्याणला महिन्यातून एक शनिवार बसणारी, सुई कुठे टोचायची, भाकरीला किती इन्शुलिन, साखर खाली गेली तर काय करायचं हे शिकवणारी प्रशिक्षित बाई मिळाली, तर त्यातल्या कितीतरी फेऱ्या वाचतात. तिला मानधन द्या. "सेवा आहे ना, फुकट या" म्हणालात तर ती तिसऱ्या महिन्यात येणार नाही आणि चूक तिची नसेल. भरती व्हायची वेळ आलीच तर धर्मादाय रुग्णालयांत निर्धन रुग्णांसाठी १० टक्के आणि दुर्बल घटकांसाठी १० टक्के खाटा राखीव असतात, हे प्रत्येक आईला आधीच सांगून ठेवा आणि उत्पन्नाचा दाखला काढून ठेवायला लावा. रात्री दोन वाजता तहसीलदार भेटत नाही.

संशोधन? तुमच्या चार मुलांवर?

हसू नका. संशोधन म्हणजे काचेच्या नळ्याच असं नाही. आयसीएमआरने २००६ मध्ये तरुणांमधल्या डायबेटिसची नोंदवही सुरू केली, कारण आपल्याकडे अशी मुलं किती आणि त्यांचं काय होतं, हेच नीट माहीत नव्हतं. २०२० मध्ये पुण्याच्या केईएम हॉस्पिटलने हैदराबादच्या सीसीएमबी आणि इंग्लंडच्या एक्सेटर विद्यापीठाबरोबर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. युरोपीय लोकांवरून बनवलेला जनुकीय जोखमीचा मोजमाप भारतीयांमध्ये टाइप १ ओळखायला किती उपयोगी पडतो, ते त्यात तपासलं. तो उपयोगी पडतो असं दिसलं, काही फरकही दिसले. पुण्यातच जहांगीर हॉस्पिटलच्या संशोधन संस्थेत डॉ. अनुराधा खाडिलकर आणि सहकारी टाइप १ असलेल्या मुलांची वाढ आणि हाडं यांवर काम करतात. हे सगळं कशावर उभं राहतं? मुलांच्या नीट ठेवलेल्या नोंदींवर.

तुम्ही एवढंच करा. प्रत्येक मुलाची वही: निदान कधी, तेव्हा वय किती, आयसीयूत जावं लागलं का, निदानाआधी किती डॉक्टर झाले, दर तीन महिन्यांची एचबीएवनसी, उंची, वजन, शाळेचे बुडलेले दिवस. पालकांची लेखी संमती घ्या, सात वर्षांवरच्या मुलालाही त्याच्या भाषेत विचारा. नोंदी कुठल्याही अभ्यासाला द्यायच्या तर एथिक्स कमिटीची मंजुरी असलेल्या संस्थेलाच, नाव काढून. "आयुर्वेदिक पावडरने इन्शुलिन सुटतं, तुमच्या मुलांवर ट्रायल करू" असं सांगत कोणी ना कोणी येईलच. दार दाखवा.

ताईंचं पुढे काय झालं

त्यांनी ट्रस्ट लगेच काढलाच नाही. माझ्या सांगण्यावरून पहिले सहा महिने आधीच नोंदणी असलेल्या एका स्थानिक संस्थेच्या छत्राखाली काम केलं, चार मुलांवर. उरलेल्या सतरा नावांसाठी त्यांनी वेगळी वही केली. कोणाचं रेशनकार्ड नाही, कोणाचा उत्पन्नाचा दाखला नाही, कोणाला महापालिकेच्या दवाखान्यात काय मिळतं तेच माहीत नाही. त्या प्रत्येकीबरोबर एकदा रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. त्यातल्या सहा जणींना नियमित इन्शुलिन सरकारी दवाखान्यातून मिळायला लागलं, ट्रस्टचा एक रुपया न घालता. स्ट्रिपचा प्रश्न त्यांचाही बाकी आहे.

सहाव्या महिन्यात फळ्यावरचा आकडा २० झाला होता, २४ चा. एक दाता मधेच थांबला म्हणून. नंतर दिवाळीच्या फराळात त्यांनी प्रत्येक किलोमागे १० रुपये कॉर्पसला टाकले, ग्राहकाला बिलावर तसं छापून. आता २७ आहे. पाचवं मूल मागच्या महिन्यात आलं, अंबरनाथचं, सहा वर्षांचा मुलगा. ट्रस्टचा अर्ज ठाण्याला गेलाय.

पुढच्या व्हिडिओत ट्रस्ट डीडचा एक नमुना ओळीओळीने वाचणार आहोत. तोपर्यंत वरचा तक्ता तुमच्या भागातल्या भावाने भरून ठेवा, आणि स्ट्रिपचा भाव तीन दुकानांत विचारा. फरक बघून दचकाल.